दहा वर्षं टिकणारा फोन

वीबे होकस्त्राच्या फोनला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे रामायण घडलं त्यात फोनचा काडीचाही दोष नाही. फोन उत्तम होता. मागचं झाकण नखाने निघायचं. आतली बॅटरी, कॅमेरा, काच, सगळं सुटं करून बदलता यायचं, आणि त्यासाठी लागणारा बोटभर स्क्रूड्रायव्हर खोक्यातच मिळायचा. सुटे भाग दहा वर्षं मिळतील असं बनवणाऱ्यांनी छापील वचन दिलं होतं. किंमत शेजारच्या रेन्झेच्या फोनच्या दुपटीहून जास्त होती, पण वीबेची त्याला हरकत नव्हती. उलट एवढी किंमत मोजल्याचं चारचौघांत सांगता येत होतं.

आयुष्य फ्रीसलँड प्रांताच्या पाणी मंडळात, बांध-कालवे सांभाळणाऱ्या कचेरीत, गेलेल्या माणसाला टिकाऊपणाचं वेड असणारच. समुद्राला अडवणारा बांध काही दर दोन वर्षांनी नवा घेता येत नाही. निवृत्तीनंतर बांध राहिले दूर आणि वेड तेवढं घरात आलं. वीबेची छत्री चौदा वर्षांची होती, सायकल त्याहून जुनी होती. फोन घेण्याआधी त्याने तीन महिने अभ्यास केला. "माझ्याशी लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हतीस," असं त्याची बायको यित्स्के म्हणाली, तेव्हा "तेव्हा सुटे भाग लागतील असं वाटलं नव्हतं," असं उत्तर देऊन त्याने दोन दिवस स्वतःच्या हाताने स्वयंपाक केला होता.

थोरला भाऊ औके मात्र हसला नाही. औके तळ्याकाठच्या खेड्यात एकटा राहायचा. जन्मभर दुधाचा टँकर चालवून त्याचा खुबा झिजला होता, आणि मार्चमध्ये तो बदलायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर स्केट्स पायात घालायच्या नाहीत. म्हणजे या हिवाळ्यात तळं गोठलं तर औकेचा तो शेवटचा बर्फ. आणि हल्ली तळं गोठतं कुठे? एका बर्फानंतर दुसऱ्याची वाट बघत पोरं मोठी होतात, लग्नं करून गावं सोडून जातात. औकेच्या मुलीने, नींकेने, बापाला एका अटीवर परवानगी दिली होती. वीबेकाका बरोबर असेल तरच बर्फावर उतरायचं. लहानपणापासून दोघे भाऊ एक लांब काठी धरून तळ्याची फेरी मारत. पुढे औके, मागे वीबे. आता पुढे वीबे असणार होता आणि मागे औके, एवढाच फरक.

औकेकडे भिंतीवरचा जुना फोन होता, आणि फोनशेजारी भिंतीवरच पेन्सिलीने नंबर लिहिलेले असायचे. वीबेने नवा फोन दाखवायला नेला त्या दिवशी स्वतः खोडरबर घेऊन यित्स्केचा नंबर खोडला, आपला जुना नंबर खोडला, आणि मोठ्या आकड्यांत एकच लिहिला.

"हा एक पुरे," तो म्हणाला. "हा फोन बंद पडायचा नाही. मी पडेन एक वेळ."

"बरं झालं," औके म्हणाला. "मला तेवढंच हवं. बर्फ धरला की लगेच कळवतो."

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्वेचा वारा सुटला आणि कडाक्याची थंडी पडली. रविवारी सकाळी औकेचा फोन आला. स्केट्सना धार लावून ठेवली होती. बर्फमास्तर, म्हणजे तळ्याच्या बर्फाची जाडी मोजून परवानगी देणारा गावचा माणूस, रोज भोकं पाडून बघत होता. "फोन जवळ ठेव बरं का," औके म्हणाला. वीबेला हसू आलं. जवळ ठेव म्हणे.

त्याच दुपारी यित्स्केचा वाढदिवस होता. वाढदिवस म्हणजे घरातल्या सगळ्या खुर्च्या, शेजारून आणलेल्या चार आणि बागेतल्या दोन अशा भिंतीलगत गोल मांडायच्या. आलेल्या प्रत्येकाने आधीच बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत, जणू त्या सगळ्यांचाच वाढदिवस असल्यासारखं "अभिनंदन, अभिनंदन" म्हणत पूर्ण फेरी मारायची. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. दुसरा विचारतात, पण तो घ्यायचा नसतो. त्यानंतर दोन-तीन तास एकाच जागी बसून राहायचं, आणि हीच वेळ वीबेसारख्या माणसाला घातक असते.

विषय रेन्झेने काढला. रेन्झे पलीकडच्या घरातला, स्वस्त सामानाच्या दुकानांचा भक्त.

"माझा फोन बघ वीबे. निम्म्या किमतीचा. उघडतच नाही, म्हणून बिघडतही नाही."

"आणि दोन वर्षांनी?"

"दुसरा घ्यायचा. त्याचाही रंग वेगळा मिळतो."

"आणि हा कुठे जातो? कचऱ्यात! रेन्झे, अरे पुढच्या पिढ्या काय म्हणतील?"

"त्या फोनवरच असतील, त्यांना कुठे वेळ आहे!"

गोलातले सगळे हसले. वीबेला ते झोंबलं. तो उठला, स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि मोकळी बशी मांडीवर ठेवून सगळ्यांदेखत फोन उघडायला बसला. बॅटरी काढली, ती फेरीने सगळ्यांच्या हातून फिरली. काच काढली, तीही फिरली. वीबेच्या आवाजाला कधी नव्हे ती धार आली होती. शेजारच्या पोस्टमाबाई ऐंशीच्या घरातल्या, त्यांना ऐकू कमी यायचं. त्यांनी बशीतले स्क्रू केकवरच्या शोभेचे मणी समजून एक उचललाही. तो पुढे त्यांच्या पोटात गेला की गालिच्यात, याबद्दल गल्लीत आजही दोन मतं आहेत.

"आता परत जोड बघू," रेन्झे म्हणाला.

"पाच मिनिटांचं काम," वीबे म्हणाला, आणि ते खरंही होतं. फक्त पंधरा माणसं हाताकडे बघत नसती तर. चार्जरची पिन जिथे जाते तो खालचा भाग नीट बसेना. "दाब जरा," रेन्झे म्हणाला. वीबेने दाबला. बारीकसा आवाज झाला. फोन सुरू झाला, टाळ्या पडल्या, वीबेने मान लववली. संध्याकाळी चार्जर लावला तेव्हा कळलं की फोन आता काही पिणार नाही. रात्री तो विझला.

सोमवारी सकाळी वीबे गावच्या समाजघरात गेला. तिथे निवृत्त मंडळी मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून देतात. हा फोन पाहून त्यांचे डोळे पाणावले. रोज ज्यांच्यापुढे खरपूस जळलेले टोस्टर येतात त्यांना असा फोन म्हणजे मेजवानीच. त्यांनी तो तीनदा उघडला, तीनदा जोडला, एकाने घरून बायकोला बघायला बोलावलं. शेवटी एकमताने निर्णय झाला की फोन अप्रतिम आहे आणि खालचा भाग तुटला आहे. तो मागवावा लागेल.

मागवायचा संगणकावरून. पैसे भरताना बँकेने सांगितलं की खात्री पटण्यासाठी तुमच्या फोनवर आलेला आकडा इथे भरा. वीबे सायकल काढून बँकेत गेला. बँकेच्या जागी केस कापायचं दुकान झालेलं होतं. तिथल्या मुलीने आस्थेने चौकशी करून त्याला बँकेचा मदतीचा नंबर लिहून दिला, म्हणजे घरी जाऊन फोन करता येईल.

अखेर भाग मागवला तो यित्स्केने, तिच्या फोनवरून, तिच्या नावावर, चुटकीसरशी. ती दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मास्ट्रिख्टला बहिणीकडे निघाली होती.

"औकेला कळवते, तुझा फोन बंद आहे म्हणून," बॅग भरता भरता ती म्हणाली.

"काही नको."

"अरे पण बर्फ धरला तर?"

"शनिवारच्या आत धरत नाही. तळ्याची खोली, वारा, पाण्याचा ओघ, सगळा हिशोब केलाय मी. आयुष्यभर दुसरं काय केलं? शनिवारपर्यंत फोन सुरू होतो, मी स्वतः त्याला फोन करतो."

"मग आज कळवलं तर काय बिघडलं?"

"यित्स्के, मी त्याच्या भिंतीवरचे नंबर खोडलेत. हा कधी बंद पडणार नाही म्हणून सांगितलंय. चार महिने तरी झाले का त्याला? आता काय सांगू, वाढदिवसाला केक खाता खाता मोडला म्हणून?"

"हसेल थोडा. हसू दे की. म्हातारा वाट बघत बसेल रे."

"काही बसत नाही. तू बोलू नकोस त्याच्याशी. वचन दे."

"बरं बाबा," यित्स्के म्हणाली. "तुझा भाऊ, तुझा फोन."

रेन्झेने कुंपणावरून आपला जुना फोन देऊ केला, "तात्पुरता घे, मला काय करायचाय." वीबेने तो तत्त्वाखातर नाकारला. माणसाला तत्त्वं असावीत हे खरं, पण ती नेमकी थंडीच्या दिवसांत उफाळून यावीत असं नाही.

गुरुवारी पार्सल येणार होतं, म्हणून वीबे दिवसभर घरात बसला. सकाळी खिडकीतून पोरांचा लोंढा जाताना दिसला. प्रत्येकाच्या गळ्यात स्केट्स होत्या. शाळेने बर्फाची सुट्टी दिली होती. वीबेच्या काळजात एक बारीकशी कळ आली, पण त्याने हिशोबाने ती शमवली. गावाबाहेरच्या कुरणात मुद्दाम वीतभर पाणी सोडतात, ते आधी गोठतंच. पोरं तिकडे चालली असणार. तळ्याची गोष्ट वेगळी. तो न्हाणीघरात गेला तेवढ्या वेळात दाराची घंटा वाजली आणि तो बाहेर येईपर्यंत दारात फक्त एक चिठ्ठी उरली. आपण घरी नव्हतात, पार्सल सुपरमार्केटच्या भिंतीवरच्या कपाटात ठेवलं आहे.

ती कपाटं वीबेने आजवर लांबूनच पाहिली होती. पत्र्याच्या दारांची भिंतच्या भिंत, तिला ना कुलूप ना बटण ना माणूस. दार उघडायचं तर फोन लागतो. फोनच्या दुरुस्तीचा भाग आत, आणि आत शिरायला फोन. वीबे बराच वेळ त्या भिंतीपुढे हात जोडून उभा होता, थंडीने की कशाने कोण जाणे. मग त्याने दुकानाच्या व्यवस्थापकाला गाठलं.

"भिंत आमची, कपाटं त्यांची," व्यवस्थापक म्हणाला.

"मग त्यांना कुठे भेटू?"

"भेटत नाहीत ते. फोन करा."

वीबे पोस्टमाबाईंना घेऊन आला. त्यांच्याकडे फोन होता आणि त्यात यित्स्केचा नंबरही होता. चाकांच्या वॉकरला धरून त्या एक एक पाऊल टाकत होत्या आणि बर्फावर काय मजा चालली असेल हे मोठ्याने बोलत होत्या. वीबेचं लक्ष नव्हतं. पार्सल यित्स्केच्या नावावर, म्हणून कपाटाने आकडा तिच्या फोनवर पाठवला. तो तिने मास्ट्रिख्टहून ओरडून सांगायचा, पोस्टमाबाईंनी ऐकून वीबेला सांगायचा आणि वीबेने गारठलेल्या बोटांनी त्यांच्याच फोनवर दाबायचा.

"काय म्हणते ती?" वीबे.

"थंडी फार आहे का विचारतेय."

"आकडा! आकडा विचारा!"

"ओरडू नका होकस्त्रासाहेब, मला ऐकू येतं. ती म्हणते तुम्ही जेवलात का."

आकडा आला तोवर वेळ संपली. दुसरा मागवला, तो आला तेव्हा फोन गारठून बंद पडला. पोस्टमाबाईंनी तो कोटात, छातीशी धरून उबवायला घेतला आणि अंधार पडेस्तोवर दोघं तिथे उभे राहिले. वीबेच्या आयुष्यात इतकी मानहानी झाली नव्हती. बर्फाची आठवण त्याला त्या दिवशी पुन्हा झाली नाही.

शुक्रवारी सकाळी तो मान खाली घालून रेन्झेच्या दारात गेला. रेन्झेने टोमणा मारला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणावं लागेल. तो आला, यित्स्केला फोन लावला, त्या निम्म्या किमतीच्या फोनवर दोनदा बोट ठेवलं, आणि दार आपोआप उघडलं.

"चल, मला पळायला हवं," तो म्हणाला. "दुपारी पाऊस येतोय, त्याआधी एक फेरी मारतो. काल तर काय बर्फ होता रे! काच नुसती!"

"कुरणावर ना?"

"कुरण? तळ्यावर! काल सकाळीच खुला केला बर्फमास्तरने. अख्खा फ्रीसलँड लोटला होता. तू काय घरातच बसला होतास?"

वीबे पार्सल छातीशी धरून घराकडे पळत सुटला. घरी येऊन त्याने नवा भाग बसवला. झाकण, दोन स्क्रू, भाग, दोन स्क्रू, झाकण. खरोखरच पाच मिनिटं लागली. फोन जागा झाला, थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग औकेच्या हुकलेल्या कॉलची रांग पडद्यावरून खाली सरकू लागली ती संपेचना. एक निरोप ठेवलेला होता, गुरुवारी सकाळचा. "वीबे, धरला बर्फ! फोन लागत नाहीये तुझा, म्हणजे तू निघालाच असशील. मी काठावर जाऊन बसतो. सावकाश ये, घाई करू नकोस."

घाई करू नकोस! वीबे गाडीकडे धावला. बांधावरचा रस्ता दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरला होता, पण त्या आता उलट्या दिशेने निघाल्या होत्या. लाल गालांची पोरं, ओल्या टोप्या, आणि प्रत्येकाच्या तोंडावर तो बर्फावरून आल्यानंतरचा वेडा आनंद. वीबेने गाडी गवतात सोडली आणि स्केट्स हातात घेऊन चालत सुटला. पाऊस सुरू झाला होता, बारीक आणि कोमट. एवढा कोमट पाऊस जानेवारीत पडतोच कशाला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटेलसं वाटलं.

सूप विकणाऱ्या तंबूबाहेर बाकावर औके बसला होता. पायांत स्केट्स बांधलेल्या, टोपी कानांवर ओढलेली, काठी मांडीवर आडवी. समोर बर्फावर पाण्याचा थर चमकत होता आणि बर्फमास्तर लाल झेंडा रोवत होता.

"आलास?" औके म्हणाला. "बस. सूप घे, अजून गरम आहे."

"तू फिरलास का? कुणाबरोबर तरी गेलास का?"

"छे. नेतो म्हणणारे पुष्कळ होते. मी म्हटलं, भाऊ येतोय. नींकेला शब्द दिलाय ना." त्याने मांडीवरची काठी सरळ केली. "काल तर उतरलोच होतो जवळजवळ. म्हटलं, आत्ता येशील आणि मी नसेन तर शोधत बसशील."

वीबे धावत बर्फमास्तराकडे गेला. दोन मिनिटं फक्त, त्या खांबापर्यंत, मी पाणी मंडळातला माणूस आहे, जाडी मला कळते. बर्फमास्तरने मान हलवली. कडेने तडे गेलेत, एकालाही सोडणार नाही. वीबे त्याच्या जागी असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, आणि त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं.

तो परत आला आणि औकेपुढे गुडघे टेकून त्याच्या स्केट्सच्या भिजून घट्ट झालेल्या गाठी सोडवू लागला. औकेला वाकता येत नव्हतं.

"फोनला काय झालं होतं?"

"मोडला होता. मीच मोडला. तुला कळवायचं नाही म्हणून यित्स्केला मीच बजावलं. लाज वाटली मला, औके."

"माझी?" औकेला नवल वाटलं. "अरे, मी तर दुधाचा टँकर पाटात घातला होता एकदा." मग म्हणाला, "दुरुस्त झाला का पण?"

"झाला."

"वेळ लागला असेल."

"पाच मिनिटं."

वीबेने एक स्केट काढली, दुसरीची गाठ धरली, ती सुटेना.

"चांगलाच असणार मग," औके शेवटी म्हणाला. "एक काम कर. नींकेला लाव फोन. सांग, झाली फेरी. नाहीतर ती ऑपरेशन होईपर्यंत माझी कीव करत बसेल, आणि तुला तर सोडायचीच नाही."

वीबेने फोन लावला. दुसऱ्याच घंटेला नींकेने उचलला. आवाज इतका स्वच्छ येत होता की तिचा श्वासही ऐकू आला.

"काका! गेलात ना? बाबा उतरले ना बर्फावर?"

"उतरला," वीबे म्हणाला.

"पडले नाहीत ना?"

"पडतोय कसला! मलाच दम लागला त्याच्या मागे."

नींके हसली, मग रडायला लागली, मग म्हणाली, सांगा ना, सगळं सांगा, कुठून निघालात, कुठे वळलात. वीबेने औकेकडे बघितलं. औकेने टोपी मागे सारली, डोळे मिटले आणि डोकं तंबूच्या खांबाला टेकलं.

"सांग की," तो हळूच म्हणाला. "जुन्या गिरणीपासून सुरू कर. आणि जरा जोरात सांग, मलाही ऐकू दे."

वीबे पावसात गुडघ्यांवर बसून सांगू लागला. बर्फ कसा काळाशार होता, गिरणीपाशी वारा पाठीवर कसा आला, वळणावर औकेने कसं त्याला हसत हसत मागे टाकलं. नींके मध्येमध्ये "मग?" म्हणत होती, आणि औके डोळे मिटून प्रत्येक वळणाला मान हलवत होता. पश्चिमेचा काठ अजून राहिला होता, म्हणून वीबे बोलत राहिला.